जुन्या मालवाहू व्हॅनचा हॉर्न : दोष शोधण्याची पद्धत

भाजीपाला, दूध, रोपे, बियाणे आणि खते यांची गाव ते बाजार अशी वाहतूक आजही मोठ्या प्रमाणावर जुन्या लहान वाहनांतून होते. मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. टाटा एस २००५ मध्ये बाजारात आली. या दोन्ही प्रकारच्या दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाड्या शेतकरी गट, दूध संकलन केंद्रे व रोपवाटिका यांच्याकडे सर्रास दिसतात. त्यांचे इंजिन, टायर व ब्रेक यांकडे लक्ष दिले जाते. हॉर्न मात्र बंद पडला तरी गाडी चालत राहते, म्हणून त्याची दुरुस्ती ‘पुढच्या खेपेस’ ढकलली जाते. पहाटेच्या धुक्यात बाजार समितीच्या आवारात शिरणारी व्हॅन, ऊसतोडीच्या हंगामातील बैलगाड्यांची रांग, घाटातील आंधळे वळण, अंगणातून एकदम रस्त्यावर धावणारे मूल अथवा वासरू, अशा ठिकाणी मुका हॉर्न म्हणजे केवळ गैरसोय नव्हे.

हॉर्न वाजेनासा झाला की गॅरेजमध्ये बहुधा नवा हॉर्न बसवला जातो. काही दिवस तो बरा वाजतो आणि पुन्हा घोगरा होतो, मग दुसरा हॉर्न येतो. प्रत्यक्षात जुन्या गाड्यांतील दोष पुष्कळदा हॉर्नमध्ये नसून त्याच्यापर्यंत वीज नेणाऱ्या व परत आणणाऱ्या मार्गात असतो. हा दोष साध्या मल्टिमीटरने शोधता येतो, पण मीटर योग्य वेळी लावला तरच. चुकीच्या वेळी लावलेला मीटर सर्व काही ठीक असल्याची ग्वाही देतो आणि दिशाभूल करतो.

हॉर्न कसा वाजतो

सर्वसाधारण हॉर्नमध्ये पोलादी पत्र्याचा एक पातळ पडदा, त्यामागे विद्युतचुंबक आणि त्याच्या मार्गात उघडझाप करणारे दोन संपर्कबिंदू, ज्यांना कारागीर ‘पॉइंट’ म्हणतात, इतकेच भाग असतात. वीज आली की चुंबक पडद्यास ओढतो. पडदा ओढला जाताच पॉइंट उघडतात व वीज तुटते. पडदा मागे येतो, पॉइंट पुन्हा मिटतात. ही क्रिया सेकंदास काही शे वेळा घडते आणि त्या कंपनाचाच आवाज होतो. बारा व्होल्टवर असा एक हॉर्न साधारणपणे तीन ते पाच अँपिअर वीज घेतो. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढील सर्व तपासणी त्यावर उभी आहे.

बॅटरी ते हॉर्न या मार्गाची जोडणी दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात स्टिअरिंगवरील बटणातूनच हॉर्नची सगळी वीज जाते. दुसऱ्या प्रकारात मध्ये रिले असतो: बटण फक्त रिलेच्या लहान वेटोळ्यास वीज देते, आणि रिले आपल्या जाड संपर्कांतून हॉर्नला वीज देतो. रिलेच्या वेटोळ्याचा रोध ८० ओहमच्या आसपास धरला, तर बटणातून जेमतेम ०.१५ अँपिअर वाहतो. गाडीत कोणती जोडणी आहे हे आधी ठरवावे. वाहनाच्या पुस्तिकेत अथवा फ्यूजपेटीच्या झाकणावर ते दिलेले असते.

या भेदातून एक उपयुक्त अनुमान निघते. रिले असलेल्या गाडीत हॉर्न क्षीण वा घोगरा वाजत असेल, तर बटणास दोष देण्याचे कारण नाही. रिले एकतर ओढला जातो किंवा जात नाही. बटणाच्या बाजूचा दोष हॉर्न पूर्ण बंद पाडील किंवा अधूनमधून तोडील, पण त्याचा आवाज मंद करणार नाही. रिले नसलेल्या गाडीत मात्र बटणाचा मळलेला संपर्क आवाज मंद करू शकतो. एवढ्या विचाराने स्टिअरिंग उघडण्याचे काम अनेकदा वाचते.

आधी तक्रार नीट ऐकावी

चालकाने ‘हॉर्न वाजत नाही’ एवढेच सांगितले तर ते पुरेसे समजू नये. बटण दाबल्यावर कोठे ‘टिक्’ असा आवाज येतो का? इंजिन बंद असताना क्षीण आणि चालू असताना ठीक वाजतो का? स्टिअरिंग एका बाजूस वळवल्यावरच बंद पडतो का? पावसात किंवा गाडी धुतल्यानंतर बिघडतो का?

रिलेची टिकटिक ऐकू येत असेल, तर बटण, त्याची तार व रिलेचे वेटोळे ठीक आहेत. शोध रिलेच्या संपर्कांपासून पुढे हॉर्नकडे न्यावा. टिकटिक थेट हॉर्नमधूनच येत असेल, तर हॉर्नपर्यंत काही वीज पोहोचत आहे, पण पडद्याचे कंपन सुरू होत नाही. पॉइंट चिकटले आहेत किंवा वीज अपुरी आहे. इंजिन चालू असताना आवाज सुधारत असेल तर बॅटरी व तिचे टर्मिनल प्रथम पाहावेत: विश्रांत अवस्थेतील पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना सामान्यतः १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात. स्टिअरिंगच्या वळणाबरोबर दोष येत-जात असेल तर चाकाखालील सरकता संपर्क हाच पहिला संशयित होय.

त्यानंतर फ्यूज. अनेक गाड्यांत हॉर्नच्या फ्यूजवरच ब्रेकचे दिवे किंवा धोकासूचक दिवे असतात. तेही बंद असतील तर निदान क्षणात होते. फ्यूज डोळ्यांना शाबूत दिसला तरी मीटरने तपासावा, कारण पात्याच्या टोकाशी बसलेला गंज दिसत नाही. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी घालण्याची प्रथा अद्याप गेलेली नाही. फ्यूज उडाला म्हणजे कोठेतरी तार सोललेली आहे. तो मार्ग तसाच ठेवून फ्यूज निकामी करणे म्हणजे गवताच्या पेंढ्यांनी भरलेल्या गाडीत आगीची सोय करणे होय. पुस्तिकेत दिलेल्या अँपिअरचाच फ्यूज लावावा.

हॉर्न निर्दोष आहे काय?

पुढच्या जाळीमागे किंवा बंपरच्या आड असलेल्या हॉर्नचे कनेक्टर काढून त्यास बॅटरीपासून वेगळ्या, फ्यूज लावलेल्या तारेने थेट वीज द्यावी. हॉर्नला दोन टोके असल्यास एकावर धन व दुसऱ्यावर ऋण जोडावे. एकच टोक असल्यास ऋण बाजू त्याच्या धातूच्या अंगातून व पट्टीतून जाते, म्हणून ऋण तार पट्टीस लावावी. असे केल्यावर हॉर्न खणखणीत वाजला तर तो निर्दोष आहे, तो बदलू नये. न वाजल्यास अंगावर लाकडी मुठीने हलकेच ठोकून पाहावे. त्यावर तो वाजू लागला तर पॉइंट चिकटले होते असे समजावे. असा हॉर्न काही काळ चालेल, पण त्यावर भरवसा ठेवू नये.

काही हॉर्नच्या मागे जुळवणीचा लहान स्क्रू असतो. तो आवाज ‘मोठा’ करण्याचा स्क्रू आहे असा समज आहे. तो पॉइंटमधील अंतर ठरवतो. अधिक पिळल्यास हॉर्न जादा वीज घेऊ लागतो आणि पॉइंट जळतात. मूळ स्थितीची खूण करून एका वेळी फार तर पाव फेरा फिरवावा आणि थोडा वेळच वाजवून पाहावे. मेणाने वा रंगाने बंद केलेला स्क्रू मुळीच छेडू नये. हॉर्नची लवचिक पट्टीही बदलू नये: ती पडद्याचे कंपन गाडीच्या सांगाड्यात जिरू देत नाही. जाड पट्टीवर घट्ट आवळलेला चांगला हॉर्नही दबका वाजतो. हॉर्नचे तोंड खाली किंवा पुढे-खाली असावे, म्हणजे पाणी आत साचणार नाही.

भार असतानाच मोजमाप

आता या लेखाचा मुख्य विषय. हॉर्न थेट जोडल्यावर वाजतो, पण गाडीच्या तारांवर वाजत नाही किंवा कण्हतो. कारागीर हॉर्नचे कनेक्टर काढून मीटर लावतो, मदतनीस बटण दाबतो, आणि मीटर १२ व्होल्ट दाखवतो. ‘वीज येते आहे, म्हणजे हॉर्नच खराब’ हा निष्कर्ष येथेच निघतो, आणि तो चुकीचा ठरतो.

ठिबक सिंचन हाताळणाऱ्या शेतकऱ्यास याचे कारण सहज कळेल. गाळणी शेवाळाने तुंबली आहे आणि शेताकडील कॉक बंद आहे. अशा वेळी गाळणीच्या दोन्ही बाजूंचे दाबमापक सारखाच दाब दाखवतील, कारण पाणी वाहतच नाही. कॉक उघडला की पुढील दाबमापक कोसळतो, आणि तुंबलेली गाळणी उघडी पडते. वायरिंगमध्ये हेच घडते. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ वीज घेत नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडावर दाब खर्च होत नाही आणि आकडा पूर्ण येतो. हॉर्न जोडला की चार अँपिअर वाहू पाहतात, आणि मग तो जोड आपला वाटा काढून घेतो.

हिशेब असा: १२ व्होल्टवर ४ अँपिअर घेणाऱ्या हॉर्नचा सरासरी रोध ३ ओहम धरावा. मार्गातील एका कनेक्टरमध्ये गंजामुळे अवघा १ ओहम रोध वाढला. एकूण रोध ४ ओहम झाल्याने प्रवाह ३ अँपिअरवर येतो. त्यातील ३ व्होल्ट कनेक्टरवरच खर्च होतात आणि हॉर्नच्या वाट्यास ९ व्होल्ट उरतात. शिवाय त्या लहान कनेक्टरमध्ये ९ वॅट उष्णता निर्माण होते. प्लास्टिक वितळलेले, पिवळे वा काळपट पडलेले कनेक्टर जेथे दिसेल, तेथे हेच झालेले असते. हाच १ ओहम बिनभाराच्या मीटरला दिसणार नाही. नवा हॉर्न सुरुवातीस ९ व्होल्टवरही बरा वाजतो, म्हणून बदललेला हॉर्न ‘काही दिवस’ चालल्याचा अनुभव येतो. उष्णतेने तो जोड आणखी बिघडत जातो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत तक्रार परत येते.

हॉर्न वाजवत मोजमाप करणे मात्र त्रासाचे असते. आवाज असह्य होतो, आणि प्रवाह सतत तुटत-जुळत असल्याने मीटरवरील आकडेही हलत राहतात. यावर उत्तम उपाय म्हणजे हेडलाइटचा जुना ५५/६० वॅटचा बल्ब. त्याची एक तार शाबूत असली तरी चालते. बारा व्होल्टवर ५५ वॅटचा बल्ब सुमारे ४.६ अँपिअर घेतो, म्हणजे हॉर्नइतकाच भार, तोही नि:शब्द आणि स्थिर. बल्बला दोन तारा व चिमटे जोडून तो हॉर्नच्या जागी लावावा. हॉर्न एका टोकाचा असल्यास बल्बचा दुसरा चिमटा हॉर्नच्या पट्टीस धरावा. बल्ब काही क्षणांतच भाजण्याइतका तापतो. तो रबरी नळी, तारा किंवा कपडा यांपासून दूर ठेवावा. लहान निऑन टेस्टर किंवा एलईडीचा टेस्टर या कामास निरुपयोगी आहे, कारण तो भार टाकत नाही.

मदतनीसास बटण दाबून धरण्यास सांगावे. बल्ब पिवळट जळत असेल तर दोष डोळ्यांना दिसलाच. आता मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरा बल्बच्या पुरवठ्याच्या टोकावर ठेवावा. येथे दिसणारा आकडा म्हणजे पुरवठ्याच्या बाजूस वाटेत हरवलेले व्होल्ट. मग एक प्रोब बल्बच्या दुसऱ्या टोकावर आणि दुसरा बॅटरीच्या ऋण खांबावर ठेवून परतीच्या बाजूची घट मोजावी. व्यवहारात पुरवठ्याच्या बाजूस अर्ध्या व्होल्टपर्यंत आणि थेट सांगाड्यास जोडलेल्या परतीच्या बाजूस ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत घट चालवून घ्यावी. त्याहून अधिक असल्यास त्या बाजूचा शोध घ्यावा. काही गाड्यांत बटण परतीच्या बाजूस असते. तेथे दुसऱ्या मोजमापात बटणाचाही समावेश होतो.

नंतर दूरचा प्रोब तसाच ठेवून दुसरा प्रोब मार्गावरील एकेका जोडावर सरकवत न्यावा: फ्यूजच्या आधी, फ्यूजनंतर, रिलेच्या आत जाणाऱ्या तारेवर, बाहेर येणाऱ्या तारेवर, बंपरजवळील कनेक्टरवर. ज्या दोन बिंदूंमध्ये आकडा एकदम उडी घेतो, दोष तेथेच आहे. ठिबकच्या शेतात मुख्य नळीपासून लॅटरलपर्यंत दाब तपासत जाणारा कृषी सहायक ही पद्धत नव्याने शिकत नाही, फक्त उपकरण बदलतो. प्रशिक्षण वर्गात हे प्रात्यक्षिक घ्यायचे असल्यास ठिबकच्या गाळणीवर आधी व व्हॅनवर नंतर घ्यावे.

सांगाड्याची जोडणी, रिले आणि स्टिअरिंग

जुन्या व्हॅनमध्ये परतीचा मार्ग अधिक दगा देतो, कारण तो तारेऐवजी गाडीच्या पत्र्यातून जातो आणि पत्रा गंजतो. हॉर्नच्या पट्टीखालील बोल्ट काढून दोन्ही पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत घासावेत, दातेरी वॉशर घालून आवळावेत आणि आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा. गाडीस नवा रंग दिल्यानंतर हॉर्न बिघडला असेल तर रंगाचा थर पट्टीखाली आला आहे काय ते पाहावे. बॅटरीच्या ऋण खांबापासून सांगाड्याकडे व इंजिनाकडे जाणाऱ्या पट्ट्याही याच वेळी स्वच्छ कराव्यात.

रिलेच्या तळाशी सहसा ३०, ८५, ८६ व ८७ असे आकडे असतात. ३० वर बॅटरीकडून वीज येते, ८७ वरून ती हॉर्नकडे जाते, ८५ व ८६ वेटोळ्याची टोके होत. रिले काढून त्याच्या बैठकीतील ३० व ८७ फ्यूज असलेल्या तारेने जोडल्यास हॉर्न वाजला, तर दोष रिलेत किंवा बटणाच्या बाजूस आहे. फ्यूजपेटीत त्याच क्रमांकाचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

स्टिअरिंगच्या चाकावरील बटणापासून खालील स्थिर तारेपर्यंत वीज नेण्यासाठी जुन्या गाड्यांत पितळी कडे व त्यावर घासणारा स्प्रिंगचा संपर्क असतो. कडे काळे पडते, स्प्रिंग दमते. स्वच्छ कापड व संपर्क स्वच्छ करणारा फवारा वापरून ते पुसावे. खरखरीत पॉलिश पेपरने खोल ओरखडे पाडू नयेत आणि तेल घालू नये, कारण तेलात धूळ बसते. काही गाड्यांत बटणाची परत वाट स्टिअरिंगच्या दांड्यातून जाते. दांड्याच्या रबरी जोडाला ओलांडणारी लहान तार तुटली तर सर्व भाग निर्दोष असूनही हॉर्न मुका होतो. चाकात एअरबॅग असल्यास हे काम गावात करू नये; ते प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच द्यावे. एअरबॅग नसली तरी चाक उघडण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावी.

हॉर्न अखंड वाजू लागला तर तारा ओढून तोडण्याची घाई होते. त्याऐवजी हॉर्नचा फ्यूज किंवा रिले काढावा. रिले काढताच आवाज थांबला, तर रिलेचे संपर्क चिकटले आहेत किंवा बटणाची तार सोलून पत्र्यास टेकली आहे. दुसरा रिले बसवल्यावरही हॉर्न वाजतच राहिला तर दुसरे कारण खरे. धान्याच्या गोदामात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत असे सोलणे बहुधा उंदीर-घुशींचे काम असते. दोन-तीन महिने न हललेली गाडी हंगामापूर्वी काढताना तारांचे जुडगे हाताने चाचपून पाहावे.

खतांची वाहतूक आणि गंज

शेतीच्या वाहनांना गंजाचे एक वेगळे कारण असते. युरिया हवेतील ओलावा ओढून घेतो आणि त्याच्या विघटनातून अमोनिया निघतो. अमोनिया तांबे व पितळेस बाधतो आणि कनेक्टरवर निळसर-हिरवा थर येतो. म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइड लोखंडी पत्र्यास खातो. फाटक्या पोत्यांतून सांडलेले खत फरशीच्या सांध्यांतून खालच्या तारांवर जाते, आणि पुढच्या पावसात त्याचे द्रावण होते. कोकण, केरळ किंवा आंध्रच्या किनाऱ्यावरील गाड्यांना त्यात खाऱ्या हवेची भर पडते. खताची खेप झाल्यावर फरशी प्रथम कोरडी झाडावी, पाणी नंतर. थेट जोराचा फवारा हॉर्न व फ्यूजपेटीवर मारू नये. हिरवा थर आलेले टोक घासून वेळ मारून नेण्यापेक्षा तारेचा काळा पडलेला भाग कापून नवे थिंबल दाबून बसवणे इष्ट. केवळ पिळून चिकटपट्टी लावलेला जोड पुढील पावसाळ्यात पुन्हा १ ओहमचा होतो.

आवाज कमी पडतो म्हणून बाजारातील जोड-हॉर्न किंवा कर्णकर्कश सुरांचे हॉर्न बसवण्याकडे कल असतो. दोन मोठे हॉर्न मूळच्या बारीक तारेवर व बटणावर लावल्यास बटण जळते. त्यांना स्वतंत्र रिले, योग्य जाडीची तार व स्वतंत्र फ्यूज लागतो. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ अनुसार एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारे आणि अवाजवी कर्कश हॉर्न बसवण्यास मनाई आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतच्या क्षेत्रास शांतता क्षेत्र घोषित करता येते. तेथे हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या वेळी १,००० व पुढे २,००० रुपये दंड ठरवला होता. मूळ हॉर्नला पूर्ण १२ व्होल्ट मिळाले तर जादा हॉर्नची गरज सहसा उरत नाही.

शेतकरी गटांनी वाहनाच्या वहीत, डिझेल-पेट्रोलच्या नोंदीशेजारी, पुरवठ्याच्या व परतीच्या बाजूची व्होल्टची घट वर्षातून दोनदा लिहावी: मे महिन्याच्या अखेरीस आणि पावसाळा संपल्यावर. मे मध्ये ०.३ असलेला आकडा ऑक्टोबरमध्ये ०.९ झाला असेल, तर हॉर्न अजून नीट वाजत असला तरी तो जोड आताच उघडून साफ करावा.